दरवाज्यातून वाचायचा नकाशा

संस्थानं विलीन झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग धारला झालं. मी हवालदार होतो, ट्रेड ड्राफ्ट्समन. लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या हद्दीवर दोन वर्षं नकाशे काढले होते, म्हणून माझं नाव पुढे गेलं. आमचं घर धारचंच. मराठी फौजेबरोबर माळव्यात येऊन इथेच राहिलेल्यांपैकी आम्ही एक. पोरगा पगार घेऊन घरी राहणार म्हणून आई खूश झाली. मला मात्र हे काम म्हणजे शिपायाची कारकुनी वाटत होती, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही.

ऑर्डर साधी होती. धार आणि देवासच्या जुन्या दफ्तरांत लष्करी आणि हद्दीचे जेवढे नकाशे सापडतील तेवढे गोळा करायचे. प्रत्येकाचं ट्रेसिंग काढायचं. जागेवर जाऊन ते ताडून पाहायचं. मग मूळ नकाशा सरकारी अभिलेखागारात आणि ट्रेसिंग आमच्या हेडक्वार्टरला. आम्ही सात जण होतो. एक कॅप्टनसाहेब, मी, एक नाईक, वायरलेस ऑपरेटर, कुक, ड्रायव्हर आणि एक जवान. एक ट्रक, एक वायरलेस सेट, आणि नकाशांसाठी पत्र्याची एक मोठी पेटी.

सकाळी सहाला फॉल-इन, सात ते पाच काम. धारचं दफ्तर दीड महिन्यात संपलं. देवासला वेळ लागला, कारण त्या एका गावात दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. प्रत्येक जागेचे नकाशे दोन, आणि प्रत्येकात हद्दीची रेघ जरा समोरच्याच्या अंगणात सरकलेली. एका नकाशात तर एक विहीर अर्धी-अर्धी वाटली होती. आम्ही खूप हसलो.

आमचा नाईक दौलत काळे हा देवासचाच. कॅम्पची जबाबदारी त्याच्याकडे होती. राहुटी कुठे, पाणी कुठून, चूल कुठे, सगळं तो बघायचा. त्याचे वडील थोरल्या पातीच्या दफ्तरात कागदांचे बस्ते बांधायच्या कामावर होते, त्यामुळे दौलत लहानपणापासून त्या कागदांच्या धुळीत वाढला होता. मोडी तो घडाघडा वाचायचा. माझं मोडी कच्चं होतं. तो मला मोडी शिकवायचा आणि मी त्याला होकायंत्र. एकांतात तो मला माळव्याच्या रीतीने भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा, चारचौघांत हवालदारसाहेब. मला त्याच्याइतका जवळचा मित्र फौजेत दुसरा मिळाला नाही.

फेब्रुवारीत टोंकखुर्दच्या बाजूच्या एका गढीचा नकाशा हाती आला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चौकोनी गढी, चार कोपऱ्यांना चार बुरूज, मधोमध विहीर. खालच्या कडेला दरवाजा काढलेला. वरची कड वाळवीने खाल्ली होती. आत शिरल्यावर डाव्या हाताला, पार टोकाच्या कोपऱ्यात जमिनीखाली दारूखाना, म्हणजे तोफेच्या दारूचं कोठार. ही दारू कधी बाहेर काढल्याची नोंद नव्हती. आम्ही फक्त जागा शोधून खूण करायची होती. काढायला पुढे सॅपर्स, फौजेचे सुरुंग-दारूवाले, येणार होते.

मी ट्रेसिंग काढत होतो. दौलत शेजारी उभा होता.

"भिया, यावर उत्तर दिशा लिहिलेलीच नाही."

"लिहायला कशाला हवी? नकाशात उत्तर वरच असते."

"सरकारी नकाशात. हा दफ्तरातला कागद आहे. आमचे बाबा सांगतात, गढीचा कागद दरवाज्यातून वाचायचा. काढणारा बडे दरवाज्यात बैठक मारूनच काढायचा ना. म्हणून दरवाजा कायम खाली. मग तो पूरबला असो की पच्छिमला."

"मग मी दोन वर्षं ब्रह्मदेशात काय गोट्या खेळत होतो?"

सगळे हसले. दौलतही हसला. नियम असा होता की जागेवर खात्री होईपर्यंत दिशेचा बाण पेन्सिलीनेच काढायचा. पण दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेब काम बघणार होते, आणि मला स्वच्छ कागद दाखवायचा होता. मी बाण शाईने काढला, टोक वर. खाली सही केली.

तीन दिवसांनी आम्ही गढीवर पोचलो. कॅप्टनसाहेब देवासलाच थांबले होते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. आमचा ट्रक दक्षिणेच्या वाटेने आला. दक्षिणेच्या भिंतीत दरवाजा होता, अगदी माझ्या ट्रेसिंगप्रमाणे. माझी छाती फुगली. दौलत दरवाज्यापाशी थांबून वर-खाली बघत राहिला.

"दरवाजा लहान लागतो, भिया. यातून बैलगाडीसुद्धा निकलणार नाही."

"गढी आहे ही, राजवाडा नव्हे."

"बाहेरून एक चक्कर मारून येतो. उत्तरेकडची भिंत बघतो."

उत्तरेला बाभळीचं रान माजलं होतं. साडेपाच वाजले होते, उजेड थोडाच उरला होता, आणि मला माणसं कामाला लावायची होती. मी म्हणालो, "उद्या." तो थांबला. मी हवालदार होतो आणि तो नाईक, एवढंच त्याला पुरलं.

ट्रेसिंगप्रमाणे समोरच्या डाव्या कोपऱ्यात दोर बांधून लाल निशाण लावलं. मग दौलतने सगळ्यांसमोर रीतसर विचारलं, "चूल कुठं लावायची, हवालदारसाहेब?"

मी ट्रेसिंगवर बोट ठेवलं. दरवाज्याच्या लगेच उजवीकडची खोली. "इथे. दारूखान्यापासून सगळ्यात लांब."

"जी," तो म्हणाला.

सकाळी सहाला फॉल-इन झालं. रात्री शिदोरीवर भागवलं होतं; सहा-दहाला कुकने चूल पहिल्यांदा पेटवली. मी शेजारच्या खोलीत पेटीत नकाशे लावत होतो. सहा-चाळीसला दौलतचा आवाज आला.

"सगळे बाहेर! बाहेर व्हा! भिया, पेटी घ्या!"

मी दारात आलो. चुलीमागे फरशीच्या सांध्यातून पिवळट धूर येत होता आणि गंधकाचा वास सुटला होता. निखारे सांध्यातून खाली गेले होते. दौलत गुडघ्यावर बसून त्या फटीत बादलीने पाणी ओतत होता. कुक आणि ड्रायव्हर माझ्या अंगावरून बाहेर पळाले. ऑपरेटर आणि जवानाने सेट उचलला. ती पेटी दोन माणसांनी उचलायची. मी एकट्याने कडी धरून ती ओढली, खोलीतून, दरवाज्यातून, पार ट्रकपर्यंत. तिथून ओरडलो.

"दौलत, ये!"

"अजून एक बादली, भिया!"

मी परत वळलो. पाच-सात पावलं गेलो असेन. मग जमीन हलली आणि दक्षिण-पूर्वेचा सगळा बुरूज खाली बसला. उडालेले दगड बाहेरच्या दोघांना लागले.

सव्वासातला कॅप्टनसाहेब पोचले. त्यांनी स्वतः सेट हातात घेऊन हेडक्वार्टरला कळवलं.

"स्फोट झाला आहे. एक मयत, दोन जखमी. ओव्हर."

"नकाशे? ओव्हर."

"नकाशे सुरक्षित. ओव्हर."

"शाब्बास. आउट."

पेटीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. आतला प्रत्येक कागद शाबूत होता. त्यात ते माझं ट्रेसिंगही होतं. मी त्या पेटीवर बसून रडलो.

नऊच्या सुमारास मी कोयता घेऊन उत्तरेच्या बाभळीत शिरलो. भिंतीत एक मोठी कमान होती, दगडांनी चिणलेली, हत्ती जाईल एवढी उंच. गढीचा खरा दरवाजा तो. नकाशा काढणारा तिथे बसला होता. आम्ही ज्यातून शिरलो ती मागची दिंडी, म्हणजे छोटा दरवाजा होता, वाळवीने खाल्लेल्या कडेवर कधीतरी काढलेली. खऱ्या दरवाज्यातून आत बघितलं की डाव्या हाताचा टोकाचा कोपरा म्हणजे दक्षिण-पूर्व. लाल निशाण मी बरोबर उलट्या कोपऱ्यात लावलं होतं, आणि चूल दारूखान्यावर मांडायला लावली होती. दौलतला ती चक्कर मारू दिली असती तर दहा मिनिटं लागली असती.

आठव्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली.

"कॅम्पची जबाबदारी कोणाची?"

"नाईक दौलत काळे यांची, साहेब."

"चूल कोणाच्या देखरेखीखाली पेटली?"

"त्यांच्याच, साहेब."

"ट्रेसिंग नियमाप्रमाणे होतं?"

"होय, साहेब."

"आणखी काही सांगायचं आहे?"

बाकीच्या चौघांनी माझ्याकडे पाहिलं. माझं बोट कुठे होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही, साहेब."

निष्कर्ष एका ओळीचा होता. कॅम्प एनसीओचा, म्हणजे दौलतचा, हलगर्जीपणा. मी घाबरलो होतो. हवालदाराच्या पट्ट्या जातील म्हणून घाबरलो होतो. त्याला दुसरं कोणतंही नाव मी देणार नाही.

दौलतची ट्रंक त्याच्या घरी पोचवायला मलाच पाठवलं. त्याचे वडील ओसरीवर बसले होते. सरकारी कागद त्यांनी स्वतः वाचला, घडी घातली आणि मला विचारलं, "चूल कुठं मांडावी, एवढंही त्यास कळू नये काय?"

आतून चहा आला. मी तो प्यायलो. उत्तर दिलं नाही. त्या चहाची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर मी सहा वर्षं नोकरी केली. पेन्सिलीचा बाण पुन्हा कधी शाईने काढला नाही, पण त्याने कुणाचं काय भलं होणार होतं? फौजेतून निघून धारला आलो. लग्न झालं, मुलं झाली. मुलं शाळेत हिंदी शिकत होती आणि घरात माझ्याशी मराठीत अडखळत होती. मोठा विचारायचा, "बाबा, लड़ाई की बात बताओ ना." मी विषय बदलायचो. शेवटी एके दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचे वडील आहेत का अजून?"

मी आधी अभिलेखागारात गेलो. तिथे तो नकाशा जपून ठेवलेला होता, कापडावर चिकटवलेला, आणि सोबत माझ्या ट्रेसिंगची प्रत. बाण वर, माझी सही खाली. मी तिथल्या कारकुनाला म्हणालो, हा बाण चुकीचा आहे, मला दुरुस्त करायचा आहे.

"दादा, रेकॉर्डवर पेन नाही लावता येत," तो म्हणाला. "अर्जी लिखकर दे दो. नकाशासोबत नत्थी करून टाकू."

मी तिथेच बसून एक पान लिहिलं. बाण कुणी काढला, शाईने का काढला, नाईक दौलत काळे काय म्हणाले, चुलीची जागा कुणी दाखवली. कारकुनाने शिक्का मारून ते नकाशाला जोडलं. दुसरी प्रत मी हेडक्वार्टरला पाठवली. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे. तिसरी प्रत घेऊन मी देवासला गेलो.

दौलतच्या वडिलांना आता नीट दिसत नव्हतं. मी माझं नाव सांगितलं आणि ते पान मोठ्याने वाचलं. मध्ये एकदाच त्यांनी मला थांबवलं.

"कागद दरवाज्यातून वाचायचा, असं तो म्हणाला?"

"होय, काका. तुमचं नाव घेऊन म्हणाला."

मी पुढे वाचलं. वाचून संपवलं. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. मागितली. ती त्यांच्या कानावर गेली की नाही, मला माहीत नाही.

"म्हणजे त्यास कळलं होतं," ते म्हणाले.

"होय, काका. त्यालाच कळलं होतं."

"इतकी वर्षं मी माझ्या लेकरास मूर्ख म्हणून रडलो." त्यांनी हात पुढे केला. मी ते पान त्यांच्या हातात दिलं. "या आता तुम्ही. पुन्हा येऊ नका."

मी पुन्हा गेलो नाही. पुढच्याच वर्षी ते गेले, असं नंतर समजलं.

त्या सकाळी गढीत आम्ही सहा जण होतो. पाच जण बाहेर आलो. आत राहिला तो नाईक दौलत काळे, राहणार देवास. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मी ऐकलं होतं.