ताईच्या घराची तपासणी

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे चुळबुळे म्हणायचे. स्टुलावर बसला तरी त्याचा एक पाय दाराकडेच. त्यात त्याने घर घ्यायचं ठरवलं, तेही सख्ख्या बहिणीचं.

ताई आणि भावोजी लेकीच्या गावी राहायला जाणार होते. "परक्याला देण्यापेक्षा तूच घे," ताई म्हणाली, आणि याने तिथल्या तिथे होकार दिला. मग घर बघताना बेडरूमचं दार त्याच्याने उघडेना.

"खांदा लाव, हट्टी आहे ते," ताई हसली.

आत छताच्या एका कोपऱ्यालाच नवा रंग होता. का, ते विचारायला त्याची जीभ रेटली नाही.

पण तो कोपरा डोक्यातून जाईना. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला त्याने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. बायको म्हणाली, "मनात एवढी पाल चुकचुकतेय, तर इंजिनिअरला दाखवून घ्या ना."

"ताईचं घर? तिला काय वाटेल?"

"आणि उद्या काही निघालं, तर तुम्हाला काय वाटेल?"

शेवटी तो ताईकडे गेला. चहा गार होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग एका दमात सांगून टाकलं. ताईचा चेहरा उतरला.

"माझं बोट धरून चालायला शिकलास. आता माझंच घर ठोकून बघणार?"

भावोजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

इंजिनिअर बाई आल्या. नळ सोडून पाहिले, भिंतींवर हात फिरवला, लांब काठीने छत ठोकत गेल्या. बेडरूममध्ये आवाज एकदम पोकळ आला. चुळबुळे दारात नखं खात उभा होता.

"इथे खाली कोण झोपतं?" बाईंनी विचारलं.

"मी," ताई म्हणाली.

"पलंग आत्ताच्या आत्ता हलवा."

वरच्या टाकीचा पाइप आतल्या आत झिरपत होता, सळया गंजून प्लास्टर सुटलं होतं. ओलीचा डाग बरा दिसत नाही म्हणून भावोजींनी साध्या मनाने रंग मारून घेतला होता. पलंग लगेच बाहेरच्या खोलीत हलवला. पुढे गवंड्याने छिन्नी लावली मात्र, परातीएवढा तुकडा धाडकन खाली आला.

त्यानंतर ताईचा फोन नाही की निरोप नाही. घरही गेलं आणि बहीणही, असंच चुळबुळ्याने धरलं. जेवायला बसला तरी मधेच उठून फोन बघून यायचा.

एका दुपारी ताईच दुकानात आली. पंख्याखाली बसून घाम पुसत म्हणाली, "काम झालं. त्या बाईंना पुन्हा बोलावलंय. नीट बघून घे, मगच हो म्हण."

"ताई, रागावलीस ना?"

"रागावले होते. तो तुकडा उचलताना दोन माणसं लागली, तेव्हा राग गेला." मग जरा थांबून ती म्हणाली, "लेकीनं आमच्यासाठी तिकडे घर पाहिलंय. म्हणते, अगदी चकाचक आहे. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही बघ."

चुळबुळ्याने हातातलं कापड मशीनवरच टाकलं. "कधी निघायचं?"