मामाचं कुरतडलेलं नाणं

माझ्या मामाचं पाटोद्यात पंक्चरचं दुकान हाय. त्याच्याकडं एक रुपयाचं नाणं हाय, ज्याच्या एका बाजूचा उंदरानं खाल्ल्यासारखा गोल लचका गेलाय. मामा म्हणतो, ही टाकसाळीतली चूक. शेजारचं चहाचं हॉटेल म्हणतं, ही मामाच्या कानशीची करामत. आता दिवसभर ट्यूब घासायला कानस ज्याच्या हातात, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? लोक तर इतके प्रेमळ, की मामा आला की चहाच्या आधी विचारायचे, "आज काय कुरतडलं?"

मामाला ते नाणं विकायचं नव्हतंच. कुणी जाणकारानं चारचौघांत एकदा म्हणावं, की हा माणूस खोटं बोलत न्हाई, एवढंच त्याला पाहिजे होतं.

आन मी पडलो नकल्या. सरपंचापासून कंडक्टरपर्यंत एकबी आवाज मी सोडलेला न्हाई. हॉटेलात मामाची नक्कल तर रोजची: "खरं हाय हो, आईच्यान!" मामाबी हसायचा, पण चहा अर्धा ठेवून उठायचा.

शेवटी मीच फोटो काढून लातूरच्या एका रिटायर मास्तरांना पाठवले. ते नाणी जमवतात. त्यांचा फोन आला तो नेमका बाजारच्या दिवशी, हॉटेल गच्च भरल्यावर. आत रेंज न्हाई, म्हणून मी दारात पाठमोरा उभा राहून स्पीकर लावला. मास्तर नाकातून बोलले, दर वाक्याआधी खाकरत.

"नाणं अस्सल आहे. चकत्या पाडताना पत्रा नीट सरकला नाही, की यंत्राचा घाव आधीच्या भोकावर पडतो आणि चकतीचा लचका जातो. मग कड वळवताना लचक्याच्या बरोबर समोर दाब बसत नाही, तिथली कड कच्ची राहते. तुमच्या फोटोत ती पुसट आहे. कुणी घासलं असतं तर समोरची कड ठणठणीत राहिली असती."

फोन कट. मामाचा हात मिशीकडं निघालाच होता, तेवढ्यात हॉटेलवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

"लई भारी बे! ते खाकरणं तर एक नंबर!"

सगळे खदाखदा हसले. मी शपथा घेतल्या, फोनमधलं मास्तरांचं नाव दाखवलं. "नाव काय, कुणाचंबी सेव्ह करता येतंय," एकजण म्हणला. लईच हुशार गाव. परत फोन लावला, तर मास्तर उचलंनात.

मामा माझ्याकडं बघतच राहिला. "भाच्या, तूच बोललास का बे?"

"न्हाई मामा."

"मग काढ त्यांचा आवाज. आत्ता, सगळ्यांसमोर."

खरं सांगायचं तर तो आवाज मला पहिल्याच वाक्यात सापडलता. अगदी तोंडात तयार होता. मी खाकरलो, आन मुद्दाम नाक सोडून घशातून बोललो. सर्दी झालेला बोकड निघाला. परत काढला, तर त्याहून वाईट.

"न्हाई जमत बे याला, म्हंजे मघाशी खरंच मास्तर होते," हॉटेलवाला म्हणला, जरा नाराज होऊनच.

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं नाणं मागून घेतलं, उजेडात धरलं आन लचक्यासमोरच्या कडेवरून नख फिरवलं.

"हितं खरंच पुसट हाय की."

मामा त्याच्या खांद्यावरून वाकला. "तिथं न्हाई, जरा अलीकडं. हां, तिथं."