बंबाखालचा आरसा

टेलरकाकूंच्या नवऱ्याला सगळा बाजार ‘आरसा’ म्हणत असे, आणि तेही तोंडावर. धंद्याने तो चष्मेवाला. नाव पडलं ते छोट्या मॉडेलांच्या स्पर्धेमुळे. दरवर्षी वाचनालयाच्या सभागृहात हौशी मंडळी आपापली वीतभर विमानं, जहाजं, मोटारी मांडत आणि हा मुख्य परीक्षक म्हणून टेबलांमधून फिरे. मॉडेलला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. म्हणून एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तसा दांडीचा गोल आरसा. तो मॉडेलच्या पोटाखाली सरकला की इकडे मालक देवाचं नाव घेऊ लागे. वर झकपक रंग आणि खाली गोंदाचे ओघळ निघाले की बक्षिसावर पाणी सोडायचं. आधी जोडकाम, मग रंग, देखणेपणा सगळ्यात शेवटी.

इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण गृहस्थ तो आरसा घरीही आणत. सोफ्याखाली धूळ शोध, कपाटाखाली हरवलेलं बटण शोध, कोटाच्या अस्तरात सुटलेला दोरा शोध. काकूंचं शिलाईचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे तपासणीला सुट्टी अशी नव्हतीच. उभा संसार काकूंनी या आरशाकडे काणाडोळा करत काढला. मग एका संध्याकाळी शिवणयंत्राला तेल घालता घालता त्या म्हणाल्या, “यंदा मीही एक मॉडेल मांडीन म्हणते.”

चष्मेवाल्याने वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. “मांड की. फक्त चाकांच्या वाटेला जाऊ नकोस. चाकं सरळ बसवणं तुझ्या हातून व्हायचं नाही.”

होडी घेतली असती तर चाकांचा प्रश्नच नव्हता. काकूंनी दुसऱ्या दिवशी सुट्या भागांचा आगीचा बंब आणला. चांगला सहा चाकांचा.

बंबाची बांधणी झाली दुकानातल्या ट्रायल रूममध्ये, पडद्याआड. गिऱ्हाइकं बिचारी एका पायावर उड्या मारत, बंबाला धक्का न लावता पॅन्ट चढवत. चष्मेवाल्याला मात्र आत मज्जाव.

“अगं, नुसतं बघतो.”

“परीक्षकाने आधी बघायचं नसतं. नियम तुमचाच आहे.”

“मी आत कपडे बदलायला येतोय.”

“मग स्वयंपाकघरात बदला.”

स्पर्धेच्या दिवशी बंब नवशिक्यांच्या टेबलावर बसला. मॉडेलसमोर नुसता क्रमांक असतो, नाव नाही. पण कुणाचं काय ते वाचनालयाच्या शिपायालासुद्धा ठाऊक. घरच्याचं मॉडेल आलं की परीक्षकाने उठून जायचं, म्हणून चष्मेवाला चहाचा कप घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसला. आरसा मागे उरलेल्या दोघांकडे गेला: एक दातांचे डॉक्टर, दुसरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. परीक्षण चालू असताना स्पर्धकांना आत येऊ देत नाहीत. पण दाराला काच असते, आणि काचेला काकूंचं नाक चिकटलेलं होतं.

बंबाच्या शेजारी औषधवाल्याची जीप होती. डॉक्टरांनी तिच्याखाली आरसा असा फिरवला की जणू अक्कलदाढ किडली आहे. पेंटरने कागदाची पट्टी काढून एकेका चाकाखाली सारून पाहिली. चाक अधांतरी असेल तर पट्टी आरपार जाते, टेकलेलं असेल तर अडते. मग दोघे बंबापाशी आले. वरून पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं. काहीतरी लिहिलं आणि पुढे सरकले. ना आरसा, ना पट्टी.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिला तो बंब पुरण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरांनी निकाल वाचला. नवशिक्यांत पहिला क्रमांक टेलरकाकूंचा. टाळ्या पडल्या. काकू मंचावर गेल्या आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या.

“घ्या ना, वहिनी,” डॉक्टर ढाल पुढे करत म्हणाले.

“माझ्या बंबाखाली आरसा गेला नाही.”

“वेळ जरा कमी होता, वहिनी.”

“जीपच्या सगळ्या दाढा मोजायला होता की.”

सभागृहात खसखस पिकली. भिंतीजवळ चष्मेवाला स्वतःच्या चपलांकडे बघत होता. पेंटर हळूच म्हणाला, “वहिनी, चांगलं बक्षीस मिळतंय, कशाला उगाच?”

“हे मला नाही, यांना मिळतंय,” काकूंनी भिंतीकडे हनुवटी उडवली. “ही ढाल घेऊन मी घरी गेले तर हा माणूस जन्मभर म्हणेल, माझ्यामुळे मिळालं. आणि मला तोंड वर करता येणार नाही. तपासा. नाहीतर मी इथून हलत नाही, खुर्च्या माझ्याभोवतीने उचला.”

शेवटी हलावं लागलं ते परीक्षकांनाच. सगळं सभागृह नवशिक्यांच्या टेबलाभोवती गोळा झालं. पेंटर गुडघ्यांवर बसला. पहिल्या चाकाखाली पट्टी अडली. दुसऱ्याखाली अडली. सहाव्याखाली अडली तेव्हा काकूंनी मान वळवून भिंतीकडे पाहून घेतलं. मग डॉक्टरांनी आरसा सारला, टॉर्च मारला आणि घसा खाकरला.

“वहिनी, अंगठा.”

बंबाच्या पोटावर, पाण्याच्या टाकीच्या बरोब्बर खाली, वाळलेल्या गोंदात काकूंच्या अंगठ्याचा ठसा उठला होता. रेघन् रेघ दिसत होती. पोलिसांना सापडला असता तर ते खूश झाले असते.

“आता काय होतं?” काकूंनी विचारलं.

“जीप पहिली. दुसरं ते टोकाचं विमान. तुम्ही तिसऱ्या.”

“मग तिसरं द्या.”

आधीचा निकाल ऐकून तोंड पाडून बसलेल्या औषधवाल्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. काकूंनी तिसऱ्या क्रमांकाची बिल्ल्याएवढी ढाल पदराला पुसून घेतली आणि बंबाचं खोकं नवऱ्याच्या हातात दिलं.

दोघं कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत आली. मग चष्मेवाल्याने तोंड उघडलं. “गोंद वाळेपर्यंत थांबायचं असतं. हातमोजे घातले असतेस तर...”

“अंगठ्याचं डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही चाकांचं बोला.”

“चाकं ठीक होती.”

“ठीक?”

बेकरीवाला शटर अर्ध्यावर धरून ऐकत उभा राहिला. चष्मेवाल्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

“सरळ होती. सहाही.”

“बेकरीवाल्याला ऐकू नाही गेलं,” काकू म्हणाल्या.