तपकिरी फोटो आणि कोपऱ्यातल्या चपला

फोटोच्या मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहिलेली नसतील, तर तो छापायला घ्यायचा नाही, असा आमच्या दैनिकाच्या नगर कार्यालयात नियम होता. नव्वदच्या दशकाच्या मध्याला माझी बदली नेवासा तालुक्यातल्या एका बाजारगावी वार्ताहर म्हणून झाली, तेव्हा हा नियम माझ्याबरोबर आला. गावातल्या एकुलत्या एक फोटोग्राफरने तो कधीच पाळला नाही.

त्याचा स्टुडिओ एस.टी. स्टँडसमोर होता. दाराशेजारी भिंतीवर काचेची पेटी टांगलेली होती. इतर गावांत अशा पेटीत नवरा-नवरी आणि वाढदिवसाची बाळं असत. याच्या पेटीत पिठाच्या गिरणीपुढे डबे घेऊन बसलेल्या बायका होत्या, झाडाखाली दाढी करून घेणारा हमाल होता, उसाच्या ट्रॉलीमागून ऊस ओढणारी पोरं होती. सगळे फोटो तपकिरी. बाजाराच्या दिवशी तो पेटीतले फोटो बदलायचा आणि काढलेले फोटो ज्याचे त्याला देऊन टाकायचा. फुकट.

फुकट देण्याने गावाला संशय आला. हा पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहणार, असं काही जण म्हणत. रस्त्यावर कोण कुठे बसतं याची नोंद हा कोणासाठी तरी करतोय, असं बाकीचे म्हणत. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटत होती. मी त्याला सरळ विचारलं. त्याने सांगितलं की नगरला रंगीत फोटोच्या लॅब निघाल्यापासून काळ्या-पांढऱ्या फोटोला गिऱ्हाईक उरलं नाही आणि कागदाची पाकिटं पडून आहेत. तपकिरी करायची रीत तो पुण्यातल्या एका स्टुडिओत शिकला होता. साधा काळा-पांढरा फोटो आधी एका पिवळ्या औषधात बुडवायचा; त्यातलं चित्र जवळपास पुसून जातं. मग दुसऱ्या औषधात टाकायचा. चित्र तपकिरी होऊन परत येतं. दुसऱ्या औषधाला सडक्या अंड्यासारखा वास होता. शेजारच्या मिठाईवाल्याची त्याबद्दल कायम तक्रार असे.

"मागे तारीख का लिहीत नाही?" मी विचारलं.

"बाजारच्या दिवशी काढलाय, एवढं बास हाय की. कंचा बाजार, त्ये कशाला पायजे?"

या उत्तराने माझं समाधान झालं नाही. फोटो मी रविवारच्या पुरवणीसाठी घेतले नाहीत.

तपकिरी रंगाचा त्या भागात एक ठरलेला अर्थ होता. घरातलं माणूस गेलं की त्याचा जुना फोटो मोठा करून घेत, चौकटीत बसवत आणि दहाव्याच्या आत भिंतीवर लावत. ते फोटो तपकिरी असत किंवा काही वर्षांत तसे होत. त्यामुळे तपकिरी माणूस म्हणजे जुना माणूस, आणि बहुधा गेलेला. पेटीत एका म्हाताऱ्याचा फोटो लागला. तिकडून गेलेल्या कोणीतरी तो पाहिला आणि म्हाताऱ्याच्या मुलीला पारनेरला निरोप पोचवला. ती रडतच एस.टी.तून उतरली. म्हातारा ओट्यावर बसून भाकरी खात होता. त्याने तिला आधी पाणी दिलं आणि मग म्हणाला, "बाई, मी मेलो आस्तो तर तुला तार आली आस्ती. काचंत फोटो न्हाई."

गावाने ही गोष्ट बरेच दिवस पुरवून पुरवून सांगितली. पुढे जे घडलं त्याचं मूळ याच समजुतीत होतं. तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीने स्टँडच्या कडेला गाळे बांधायला काढले. रस्त्यावर बसणाऱ्या सगळ्यांना उठवायचं आणि जुन्या बसणाऱ्यांना गाळे द्यायचे, असं ठरलं. स्टँडची इमारत होण्याआधीपासून ज्याची बसण्याची जागा घराण्यात चालत आली तो जुना. बाकीच्यांनी आपली सोय बघायची. निवड करायला समिती नेमली. तिच्यात सरपंच, ग्रामसेवक, दोन सदस्य आणि मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. बाजारकराच्या पावत्या कोणी जपून ठेवत नसे, त्यामुळे जुना कोण हे ठरवायचं कसं, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला.

ज्याला हा निर्णय सगळ्यात महाग पडणार होता तो स्टोव्ह दुरुस्त करणारा होता. जनावरांच्या दवाखान्याच्या दगडी भिंतीला टेकून, कडुलिंबाखाली तो बसायचा. पुढे पोतं, पोत्यावर बर्नर, वायसर आणि पिना. त्याच्या आधी त्याच जागेवर त्याचा बाप कंदील दुरुस्त करायचा, असं तो सांगायचा. गॅस घरोघर येत होता आणि स्टोव्ह कमी होत होते. उरलेल्या गिऱ्हाइकांना त्याचं नाव माहीत नव्हतं, लिंब माहीत होता. तिथून उठवला तर त्याला शोधत कोणी आलं नसतं, आणि घरात दुसरी कमाई नव्हती.

पहिल्या सुनावणीला घड्याळवाल्याने टेबलावर एक तपकिरी फोटो ठेवला. पेटी, छत्री आणि मान खाली घालून घड्याळात बघणारा टोपीवाला माणूस. चेहरा दिसत नव्हता. हे आमचे वडील, असं त्याने सांगितलं. फोटो हातोहात फिरला. एक सदस्य म्हणाला की हा तर आपल्या आज्याच्या काळातला दिसतो. ग्रामसेवकाने घड्याळवाल्याचं नाव लिहून घेतलं.

मी फोटो मागून घेतला. छत्रीच्या मागे, अर्धवट झाकलेली, एस.टी.डी.-पी.सी.ओ.ची पाटी होती. तो बूथ सुरू झाला तेव्हा त्याच्या उद्घाटनाची बातमी मीच नगरला पाठवली होती. घड्याळवाला स्वतः गावात आल्याला दोन दिवाळ्या झाल्या होत्या. त्याचे वडील त्या जागेवर कधी बसले असतील, तर मुलाच्याही मागून येऊन बसले असणार.

मी त्या बैठकीत काही बोललो नाही. वार्ताहराने समितीच्या कामात बोलायचं नसतं. पुढच्या बैठकीला टेबलावर तपकिरी वडील आणि तपकिरी आज्या यांची गर्दी झाली. पेटीतून काढून वाटलेले फोटो सगळ्यांकडे होतेच. बांगड्यावालीने स्वतःचाच पाठमोरा फोटो आई म्हणून दाखवला.

मी फोटोग्राफरला गाठलं. त्याने आडपडदा ठेवला नाही. सगळे फोटो त्याचे आणि त्याच वर्षातले होते, आणि कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. ते मी तसंच लिहिलं. कोणाचंही नाव न घेता, तपकिरी रंगावरून फोटोचं वय ठरत नाही एवढीच बातमी होती. ती आतल्या पानावर आली आणि गावात सगळ्यांनी वाचली. समितीने आधी लिहिलेली नावं खोडली आणि यापुढे त्या स्टुडिओतला फोटो पुरावा म्हणून घ्यायचा नाही, असं ठरवलं. बातमी बरोबर होती.

स्टोव्हवाल्याचा नंबर त्यानंतरच्या बैठकीत लागला. तो आला, सगळ्यांना जयभीम केला आणि कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेला फोटो टेबलावर ठेवला. दगडी भिंतीपुढे एक माणूस मांडी घालून बसलेला, डोक्यावर दोरीला टांगलेले कंदील, खालच्या कोपऱ्यात काढून ठेवलेल्या चपला. बापाचा दुसरा फोटो घरात नव्हता. जत्रेसाठी आलेल्या कोण्या फोटोवाल्याने तो काढला होता. रंग पिवळट तांबूस.

गुरुजींनी चष्मा वर केला आणि हाही त्याच स्टुडिओतला आहे, असं म्हणाले.

"न्हाई गुर्जी. ह्यो आपआप तांबडा झालाय."

"फोटो आपआप तांबडा व्हतो व्हय?" सरपंच म्हणाले. "आंबा हाय का पिकायला?"

खोलीत हशा झाला. मी हसलो नाही, पण त्याच्यावर विश्वासही ठेवला नाही. स्टुडिओ आणि लिंब यांच्यामध्ये फक्त रस्ता होता. दोघं रोज एकाच टपरीवर चहा घेत. बातमी छापून आल्यानंतरच हा फोटो बाहेर निघाला होता. शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं.

फोटोग्राफरला बोलावणं गेलं. त्याने फोटो हातात घेतला, मागची बाजू पाहिली, कडा पाहिल्या आणि हा आपला नाही, जुना आहे, असं सांगितलं.

"तुजा शब्द चालायचा न्हाई," सरपंच म्हणाले. "गावाला समद्ये बाप तूच वाटलेत."

 फोटोग्राफर म्हणाला की शब्द नको असेल तर तपासून दाखवतो. स्टुडिओतून त्याने पिवळ्या औषधाची बाटली, चहाची एक बशी आणि पाण्याचा तांब्या आणला. तपकिरी केलेला फोटो या औषधात एकदा बुडून निघालेला असतो, म्हणून त्यावर याचा आता काही परिणाम होत नाही, असं त्याने समजावलं. जो साधा काळा-पांढरा आहे आणि नुसता वयाने पिवळा पडलाय, त्यातला काळा रंग यात उडतो. म्हणजे फोटो खरा असेल तर पुसला जाईल आणि खोटा असेल तर तसाच राहील.

हे समितीला पुन्हा सांगावं लागलं. ग्रामसेवकाने विचारलं, म्हणजे खरा निघाला तर फोटो गेला? फोटोग्राफरने मान हलवली आणि स्टोव्हवाल्याकडे पाहिलं. एक कोपरा बुडवला तरी कळेल, असं तो म्हणाला. मात्र तेवढा कोपरा जाईल.

स्टोव्हवाला फोटोकडे बघत राहिला. 

"खालचा कोपरा बुडवा," तो म्हणाला. "चपला हायेत तिथं. गेल्या तर जाऊ द्या. त्ये तसंबी अनवानीच हिंडायचे."

आधी समितीकडेच राहिलेल्या घड्याळवाल्याच्या फोटोचा कोपरा बशीत बुडवला. घड्याळवाला हरकत घेण्याच्या परिस्थितीत नव्हता. कोपरा ओला होऊन बाहेर आला, रंग जसाच्या तसा. मग स्टोव्हवाल्याचा. सदस्य खुर्च्यांवरून उठून टेबलाभोवती आले. चपलांचे काळे अंगठे आधी करडे झाले, मग त्यांचे पट्टे विरले, आणि शेवटी तिथे फिकट पिवळा डाग राहिला. फोटोग्राफरने कोपऱ्यावर तांब्यातलं पाणी सोडलं.

गुरुजी फोटो खिडकीपाशी घेऊन गेले. बराच वेळ तिथे उभे होते. परत येऊन त्यांनी सांगितलं की हा स्टुडिओतला नाही एवढंच यावरून ठरतं. किती जुना, आणि ही भिंत तीच का, हे ठरत नाही. ते खरं होतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

स्टोव्हवाल्याने फोटोसाठी हात पुढे केला. आवाज न चढवता त्याने विचारलं, "गुर्जी, आता आनखी काय बुडवू?"

कोणी हसलं नाही. गुरुजींनी फोटो त्याच्या हातात दिला, खुर्चीत बसले आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "नाव लिहा."

बाहेर पायरीवर फोटोग्राफर त्याला समजावत होता. हे आता लगेच दुसऱ्या औषधात घातलं तर चपला परत येतील. तपकिरी येतील, पण येतील. स्टोव्हवाल्याने फोटो कागदात गुंडाळला.

"नगं. मंग पुन्यांदा म्हनतील, खोटा हाय."

माझी शंका तेवढ्याने मिटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो आणि नगरहून परत आलेला, मागे तारीख लिहिलेला आमच्याच कार्यालयाचा एक काळा-पांढरा फोटो त्याच बाटलीतल्या औषधात बुडवला. कालव्याच्या पुलाचं भूमिपूजन होतं. कुदळ, हार आणि पाहुणे एकामागून एक गेले. मग पेटीतला एक तपकिरी फोटो बुडवला. त्याला काही झालं नाही. फोटोग्राफर दारात उभा राहून हे बघत होता.  औषध खरं होतं. भिंत तीच का, याची खात्री मला आजही देता येणार नाही. फोटोत ती दगडी आहे, एवढंच दिसतं.

पेटीतले तपकिरी फोटो त्यानंतर बंद झाले. फोटोग्राफर साधेच काळे-पांढरे लावू लागला आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला, खाली, पांढऱ्या शाईने तारीख घालू लागला. पेटीपुढे थांबलेल्या एकाला मी दुसऱ्याशी बोलताना ऐकलं की तारखेचं काय, ती कोणीही घालील. रविवारच्या पुरवणीसाठी मी त्यातले काही फोटो घेतले. मागे पेन्सिलीने तारीख पुन्हा लिहायला लावली.

गाळे पावसाळ्याआधी तयार झाले. स्टोव्हवाल्याला मिळालेला गाळा कडेचा होता, तिथून कडुलिंब दिसायचा. त्याने बापाचा फोटो चौकटीत घालून आतल्या भिंतीवर लावला, हार न घालता. बातमीसाठी स्टँडवर जायचो तेव्हा मी तिथे थांबत असे. एकदा स्टोव्ह घेऊन आलेल्या बाईने फोटोकडे बघून विचारलं, "दादा, पानी लागलं का वो कोपऱ्याला?"

त्याने बर्नरमधून पिन बाहेर काढली, फुंकर मारली आणि पुन्हा आत घातली.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "तपासलाय त्यो."