तीन टोपणं मऊपणा

गल्लीतल्या लाँड्रीवाल्याला सगळे इस्त्रीदादा म्हणत. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे धुऊन त्याची पक्की खात्री झाली होती की कापडाबद्दल आपल्याला आता कोणी काही शिकवू शकत नाही. त्याच्याकडून आलेला टॉवेल इतका मऊ असायचा की बायका तो आधी गालाला लावून बघत. शेवटच्या पाण्यात टोपणभर सॉफ्टनर, कधी दोन टोपणं, हे त्याचं गुपित; आणि ते तो येईल त्याला सांगत असे.

तर या माणसाला बेचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली. एवढीशी होती, म्हणून तिला चिमूट म्हणू लागले. बाजारातल्या तयार डायपरनी तिच्या मांड्या लालेलाल झाल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापडी लंगोट वापरा आणि कातडी कोरडी ठेवा. बायकोनं अठरा आणले. बाहेरून पाणी न सोडणारं आवरण, आत घालायची जाड पट्टी, पोटावर टिचबटणांच्या तीन रांगा. सोबत धुण्याच्या सूचनांचा कागदही होता. कपडे कसे धुवायचे ते आता मला कागद सांगणार का, असं म्हणून इस्त्रीदादानं तो कुणाच्या तरी शर्टाच्या कॉलरखाली घालून देऊन टाकला.

लंगोट त्यानं स्वतःच्या हातानं धुतले. लेकीचं काम म्हणून दोनाऐवजी तीन टोपणं घातली. वर इस्त्रीही फिरवायला निघाला. पहिलं आवरण इस्त्रीला चिकटून धूर निघाला तेव्हा कुठे थांबला. राहिले सतरा.

आणि इथून त्याची मती गुंग झाली. पहिला लंगोट घातला, तर दहा मिनिटांत त्याच्या मांडीवर ओल. आतली पट्टी चाचपली तर जवळजवळ कोरडी! पोरीनं केलं ते बापाच्या पँटवर आलं आणि मधल्या जाड पट्टीला त्याचा पत्ताच नाही, हे कसं काय? बटणं सैल असतील म्हणून त्यानं एक रांग आत घेतली. मांडीवर वळ उठले, पण गळायचं थांबलं नाही. पट्टी उलटी घालून पाहिली. मग दोन पट्ट्या घातल्या, मग तीन, तशी चिमूट बेडकासारखी पाय फाकवून पडून राहिली, आणि तरी गादी भिजलीच. कापड कच्चं असेल म्हणून पुन्हा धुतले, तीन टोपणं घालून. दुसऱ्या दिवशी जास्तच गळले. इस्त्रीदादानं लंगोट उजेडात धरला, ताणला, हुंगला. काही म्हणजे काही कळेना.

बायको शाळेत गणित शिकवायची आणि तिची रजा सोमवारी संपत होती. ठरलं होतं असं, की चिमूट दिवसभर खाली दुकानात बापाजवळ राहील. शुक्रवारी बायकोनं हिशोब मांडला. "तासाला सहा वेळा लंगोट बदलणं आणि दुकान, दोन्ही तुला जमणार नाही. ताई रविवारी येतेय. तोपर्यंत हे लंगोट तासभर टिकले तर ठीक, नाहीतर चिमूट सोमवार ते शुक्रवार तिच्याकडे." ताईची मुलं मोठी झालेली, घरात वेळच वेळ. यात रागावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर इस्त्रीदादाला फार राग आला. नुकतीच कुठे पोर त्याचा आवाज ऐकून मान वळवायला लागली होती. पाच-पाच दिवस तो दिसला नाही तर ती वळवेल का?

रविवारी सकाळी बायको वर चिमूटची पिशवी भरत होती. खाली दुकानात चिमूट बापाच्या खांद्यावर होती, आणि लंगोटातून धार थेट फरशीवर पडली. इस्त्रीदादानं हाताला लागला तो टॉवेल ओढला. तो होता पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांचा, नुकताच धुतलेला, लोण्यासारखा मऊ. त्यानं फरशी पुसायला घेतली, तर ओल नुसती इकडून तिकडे सरकत राहिली. वैतागून त्यानं कोपऱ्यातलं लादीचं फडकं टाकलं. त्या कळकट, कधी सॉफ्टनर न पाहिलेल्या फडक्यानं एका क्षणात सगळं पिऊन टाकलं.

इस्त्रीदादा तसाच उकिडवा बसून राहिला. मास्तर दोन वर्षं म्हणत आले होते, की दादा, तुमचा टॉवेल अंगावरचं पाणी फिरवतो, पुसत नाही. आणि दोन वर्षं त्यानं त्यांना ऐकवलं होतं, की तुमचं अंगच तेलकट असेल. त्यानं वाटीत पाणी घेतलं आणि धुतलेल्या पट्टीवर एक थेंब सोडला. थेंब गोल होऊन बसला, मग घरंगळून खाली गेला.

तो पोरीला घेऊन वर गेला. "कापड चांगलं आहे," तो बायकोला म्हणाला. "सॉफ्टनर घालून मीच बिघडवलं. दोनदा." हे बोलताना त्याचे कान तापले. बायकोनं पिशवी भरणं थांबवलं नाही, पण चिमूटला त्याच्याकडून घेतलं. म्हणाली, जा, वेळ घालवू नकोस.

त्यानं पट्ट्या कढत पाण्यातून काढल्या. साबण नाही, काही नाही, तरी पहिल्या पाण्याला फेस आला. दुसऱ्यालाही आला. चौथं पाणी स्वच्छ निघालं. वाळवून हातात घेतल्या तर पट्ट्या राठ झालेल्या, गिऱ्हाइकाला दाखवायचीही लाज वाटावी अशा. थेंब सोडला. थेंब नाहीसा झाला.

पाचला बायकोची ताई, म्हणजे त्याच्या आकडसासूबाई, आल्या, फिकट पिवळी रेशमी साडी नेसून. इस्त्रीदादाच्या मनात आलं, हिला आजच ही नेसायची होती? पिशवी दारात तयार होती. बाईंनी चिमूटला मांडीवर घेतलं, चहा घेतला, मोठ्या मुलाच्या नोकरीचं सांगितलं, धाकट्याच्या दाताचं सांगितलं. इस्त्रीदादाला त्यातलं अक्षर कळलं नाही. तो फक्त साडीकडे बघत होता. मध्येच चिमूट गप्प होऊन एकाग्र झाली. तो चेहरा बाप आता चांगला ओळखत होता. त्यानं डोळे मिटले.

घड्याळात सहा वाजून गेले. बाई उठल्या, साडी झटकली. साडी कोरडी होती. त्यांनी सवयीनं लंगोटात बोट घालून पाहिलं, पट्टी दोन बोटांत चुरली आणि नाक मुरडलं.

"भरलाय की हा. पण काय हो, एवढे लाँड्रीवाले तुम्ही, आणि लेकीचे लंगोट असे खरखरीत?"

पंचवीस वर्षांत त्याच्या हातच्या कापडाला असं कोणी म्हटलं नव्हतं.

"हो," इस्त्रीदादा म्हणाला, आणि दारातली पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.