मेणाचा पाय आणि चुकीचं कॅथेड्रल

शनिवार, १४ जून. हजर चौघं: मी, नवरा, त्याची आई आणि आमची बारा वर्षांची मुलगी. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चार रेनकोट, नवऱ्याची घडीची काठी (ही कुणालाही न सांगता) आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला मेणाचा पाय.

पायाची हकिकत अशी. फेब्रुवारीत नवरा इथे आयर्लंडमध्ये दारातल्या बर्फावरून घसरला आणि त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सासूबाईंनी मुंबईत बसून वांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चमधल्या मेरीला, नवस बोलला. आमच्याकडे गणपती बसतो, सोमवारचे उपास होतात, पण हातापायांचं दुखणं सासूबाई पहिल्यापासून माउलीवर सोपवतात. मुंबईत त्याचं कुणाला नवल वाटत नाही. टेकडीवरच्या टपऱ्यांत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात. ज्याचं जे अडलंय ते घ्यायचं आणि वाहायचं.

अटी त्यांनीच घातल्या होत्या. मुलगा काठीशिवाय चालत माउलीकडे जाईल, स्वतःच्या हाताने पाय वाहील आणि ते त्या डोळ्यांनी बघतील. नवऱ्याची वर्षाची रजा ऑपरेशनात संपली, म्हणून मे महिन्यात त्याच इकडे आल्या, पाय सामानात घेऊन; माउली कुठेही एकच, असं त्यांचं म्हणणं. परतीचं विमान बुधवारी होतं.

अटी स्पष्ट असल्या की मला बरं वाटतं. डब्लिनजवळच्या लिक्सलिपमध्ये कंप्युटर चिपच्या प्लांटमध्ये मी मशीनच्या देखभालीची वेळापत्रकं सांभाळते, त्यापुढे एक नवस काय? नवरा महिनाभर घरात काठीशिवाय फिरत होता. राहिलं फक्त चर्च निवडायचं. मी डब्लिनमधलं शेकडो वर्षांचं जुनं, भलंमोठं कॅथेड्रल शोधलं आणि अकराच्या टूरची चार तिकिटं काढली. माझ्या लेखी चर्च म्हणजे चर्च.

आत फरशी सुंदर, काचा सुंदर. सैनिकांच्या नावांच्या पाट्या, जीर्ण झेंडे, दगडी बिशप. सासूबाई एकेका खांबामागे डोकावत होत्या.

“अगं, माउली कुठाय?”

“असेल पुढे, आई.”

पुढे तळघर होतं. पायऱ्या उतरून, फिरून, परत चढून वर आलो तरी माउली नाही. तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, “मम, हे प्रॉटेस्टंट आहे. दे डोन्ट डू मेरी लाइक दॅट.”

“तुला कधी कळलं?”

“लाइक, ऑन द ट्रेन?”

“मग बोलली का नाहीस?”

“शुअर, यू हॅड अ लिस्ट.”

तोवर सासूबाईंनी कोपऱ्यातला मेणबत्त्यांचा स्टँड हेरून टॉवेल सोडला होता. बिल्ला लावलेले एक आजोबा लगबगीने आले. मी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाय फारच छान आहे, पण असं काही ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. पंधरा मिनिटांवर कॅथलिक चर्च आहे, तिथे मेरी आहे, तिथे विचारा. “यू'ल बी ग्रँड,” म्हणजे होईल सगळं नीट, असंही म्हणाले. या देशात सगळंच ग्रँड असतं.

पंधरा मिनिटं. परतीच्या ट्रेनला सव्वा तास होता. जमत होतं. नवरा बाकावर बसला होता.

“चल, ऊठ.”

“जरा थांब.”

“जरा म्हणजे किती?”

त्याने आवाज खाली आणला. “काठी आणलीयस ना?”

“कुठली काठी?”

“अगं, तू आणली नसशील असं होईल का?”

मी काढून दिली. ती खटाखट उघडली तशा सासूबाई वळल्या.

“हे रे काय? तू तर फोनवर सांगत होतास, काठी सुटली म्हणून.”

“घरात सुटलीय, आई.”

“घरात काय, मीही पळते. आणि ऑफिसात?”

“तिथे एक ठेवलीय.”

हे मलाही नवीन होतं. मी विचारलं, “आणि फिजिओ?”

“दोनदा गेलो. मग वेळच नाही मिळाला.”

दर गुरुवारी मी विचारायचे, “फिजिओ झालं?” तो म्हणायचा, “झालं.” मी खूण करायचे. अशा नऊ खुणा माझ्या वहीत आहेत.

सासूबाईंनी पाय परत गुंडाळला. “चला घरी.”

“आई, टॅक्सीने जाऊ,” मी म्हटलं. “अगदी दारापर्यंत.”

“टॅक्सीने नवस फिटत नाही.”

“मग नंतर तो जाईल, तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघा.”

“आणि नेटवर्क गेलं तर? माउलीला होल्डवर ठेवू?”

नवरा म्हणाला, “काठी बाहेर ठेवतो. दहा पावलं चालेन की मी.”

“दहा पावलांचा नवस मी बोलले नव्हते. मला फसवलंस ते फसवलंस, तिला नको.”

ट्रेनमध्ये पुऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत.

बुधवारी त्या गेल्या. विमानतळावर त्यांनी वाकून मुलाचा गुडघा पँटवरूनच चाचपला आणि मला म्हणाल्या, “पाय तुझ्याकडे राहू दे. हा नीट चालला की कळव, मी येईन.” त्यांचं वय चौऱ्याहत्तर आहे. “येईन” हे त्या ज्या सहजपणे म्हणाल्या, त्यानेच मला जास्त राग आला, त्यांचा नाही, नवऱ्याचा.

तेव्हापासून मी कॅथलिक चर्चच्या वेळा काढल्या आहेत. स्टेशनपासूनचा रस्ता स्वतः चालून पाहिला आहे, एकही पायरी लागत नाही. पाय वाहता येतो का, हे तिथल्या बाईंना विचारलं आहे. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

राहिलं आहे एकच काम: फिजिओची वेळ घेणे. ते नवऱ्याच्या नावावर आहे आणि या वेळी फोन मी करणार नाही, असं मी त्याला सांगितलं आहे. क्लिनिक पाचला बंद होतं. आत्ता पावणेपाच झालेत आणि तो वरच्या खोलीत क्रिकेट बघतोय.