सुट्टीतला नवरा

उंब्रजला आमची पिठाची गिरणी आहे. गिरणी सासऱ्यांनी टाकली, पाटीवर नाव माझ्या नवऱ्याचं, हाफिजचं, आणि राबते मी, मेहरुनबी. हाफिज दारातल्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो आणि त्यालाच काम म्हणतो. गल्लीत कोणाच्या घरी काय चाललंय, ते मला दळणाच्या डब्यावरून कळतं. नाचणी आली की घरात बाळ आहे नाहीतर कोणाला तरी डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला आहे. आणि दिवाळी नाही, लग्नसराई नाही, असं असताना अपूर्वा हरभऱ्याची डाळ आणि चकलीची भाजणी एकदम घेऊन आली, की सगळी गल्ली समजते. वीरधवलची सुट्टी मंजूर झाली.

अपूर्वा आमच्यापासून चार घरं सोडून राहते. माहेर इस्लामपूरचं. नवरा वीरधवल सैन्यात, कायम कुठंतरी लांब उत्तरेला. घरात सासू शालूबाई आणि तिसरीतली मुलगी राजेश्वरी, जिला सगळे राजी म्हणतात. लग्नानंतर लगेचच वीरधवल ड्युटीवर गेला, तेव्हा मला वाटलं होतं, ही नवी पोर आता रडून जीव नकोसा करेल. कसलं काय! दोन दिवसांनी ती सासऱ्यांची जुनी स्कुटी घेऊन रस्त्यावर. आमच्या गिरणीच्या दाराला दोनदा धडकली आणि तिसऱ्यांदा सरळ निघून गेली. हाफिज अजून त्या पोचा आलेल्या पत्र्याकडं बोट दाखवून म्हणतो, हे अपूर्वाचं लायसन.

तिला आनंद करायला कारण लागत नाही. रविवारी संध्याकाळी स्कुटीवर पुढं राजी उभी, मागं शालूबाई पदर खोचून बसलेल्या, अशी वरात तारळी नदीच्या काठावर जाते. बरोबर माहेरहून आलेली भडंग, चिरलेला कांदा, बस. वीज गेली की तिघी ताटं घेऊन गच्चीवर जातात. रात्रीच्या मालिकेतली कुठली बाई उद्या कट करणार, यावर सासूसुनेची पैज लागते आणि हरेल तिनं सकाळचा चहा करायचा. शालूबाई बहुतेक वेळा हरतात, कारण त्यांना सगळ्या बायका चांगल्याच वाटतात.

आणि भांडते तर काय सुरेख! उसाच्या पाण्यावरून वायरमनशी, चढ्या भाड्यावरून रिक्षावाल्याशी, आणि राजीशी तर रोज. "दात घासलंस का? खरं सांग. तोंड उघड!" असा आवाज गिरणीपर्यंत येतो आणि पाच मिनिटांत दोघी खिदळतानाही ऐकू येतात. मला अशी माणसं आवडतात. आमच्याकडं एखादा दिवस भांडणाविना गेला, तर हाफिज माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतो.

पण वीरधवल सुट्टीवर आला की ही अपूर्वा कुठं जाते, देव जाणे. त्या घरात जावई आल्यासारखं वातावरण होतं. कपाटातली नवी चादर निघते. रोज गोडधोड, रोज तळण. राजीला आधीच तंबी मिळालेली असते की पप्पा असेपर्यंत हट्ट नाही. शालूबाई गुडघेदुखीचं नाव काढत नाहीत. अपूर्वाचा आवाज तर इतका मऊ होतो, की एकदा गिरणीच्या गडबडीत मला तो ओळखूच आला नव्हता. वीरधवलनं ओला टॉवेल गादीवर टाकला, तर ती गुपचूप उचलते. फोनवरसुद्धा वर्षभर हेच. शालूबाईंना डेंग्यू झाला होता, तेव्हा दवाखान्यातून बाहेर येऊन, तोंड धुऊन ही व्हिडिओ कॉलवर हसत होती. का, तर "ते तिकडं ड्युटीवर. हितलं सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला?"

बायकोनं नवऱ्याशी इतकं चांगलं वागणं मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आलं आहे.

या वर्षीची गोष्ट मात्र वेगळी होती. वीरधवलची पेन्शनीची वर्षं भरत आली होती. पेन्शन घेऊन घरी यायचं, की नोकरी वाढवून घ्यायची, हे त्याला या सुट्टीहून परत गेल्यावर कळवायचं होतं. डाळ दळून होईपर्यंत अपूर्वा माझ्याजवळ थांबली होती. मी विचारलं, "मग? काय म्हनतोय?"

"अजून काय ठरलं न्हाई त्यांचं."

"तुला काय पायजे?"

ती गरम पिठात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला ते घरी पायजेत, चाची. लय पायजेत. पन मी बोलायची न्हाई. मी या म्हनलं, ते आलं, आनि हितं त्यांना करमलं न्हाई तर? मी वढून आनलं म्हनून जनमभर माझ्या मनाला लागंल. त्यांचं त्यांनी ठरवू दे."

मी डबा भरून दिला.

वीरधवल आला. उंच, देखणा, बोलायला गोड. सकाळी गिरणीसमोरून फिरायला जायचा आणि येताना हाफिजजवळ बसायचा. एक दिवस मी शाळू ज्वारी दळत होते. गिरणीच्या आवाजात मला ऐकू जाणार नाही, असं समजून तो बोलत होता. इतकी वर्षं या आवाजात काढल्यावर बोललेलं मला ओठांवरून कळतं, हे त्याला काय माहीत!

"काय फौजी, येनार का न्हाई घरी?" हाफिजनं विचारलं.

"खरं सांगू, चाचा? नोकरी वाढवून घ्यावी म्हनतोय."

"का रं?"

"माझ्यावाचून घर झकास चाललंय. उलट मी आलो की सगळ्यांची धावपळ. काल जेवून ताट उचललं, तर आईनं हातातनं काढून घेतलं. राजी तिच्या आईशी भांडती, रुसती. मला मात्र म्हनती, पप्पा, तुमी बसा. अपूर्वा तर दिसभर पळती. मी गेलो की मोकळी हुत्यात बिचारी. मग कशाला अडचन करायची? लांबनं पगार पाठवत ऱ्हायलेलं बरं." तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मला इतका राग आला की हातातलं पोतं खाली आदळलं. एकीला तो हवा आहे आणि ती बोलत नाही. दुसऱ्याला घरी यायचं आहे आणि त्याला वाटतंय, घरात जागाच नाही. आणि दोघांच्या मध्ये काय, तर रोजचं तळण! दुपारी मी अपूर्वाचं घर गाठलं. वीरधवल शेताकडं गेला होता. ती चकल्या गाळत होती.

"गाळ, गाळ," मी म्हणाले. "तुझ्या चकल्या खाऊन तुझा नवरा नोकरी वाढवून घेतोय."

तिचा हात थांबला. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

"त्येनं सवता हाफिजला सांगितलं. त्येला वाटतंय, तुमास्नी त्येची अडचन हुतीया."

"अडचन?" तिला तो शब्दच कळेना. "आवं, त्यांना चार दिस सुख मिळावं म्हनून मी..."

"सुखच दिलंस, आनि काय दिलंस? आसं सुख पावन्याला देत्यात. राजी आयकत न्हाई म्हनून माझ्याजवळ बोंबलतीस, त्येला कवा बोललीस का?"

ती तेलाकडं बघत बसली. चकली जळाली, ती शेवटी मीच काढली.

माझ्या बोलण्यानंतर तिनं प्रयत्न केला म्हणे. पण भांडण काय ठरवून करता येतं? दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम साधं वांग्याचं कालवण आणि भाकरी केली, तर वीरधवलनं काळजीनं विचारलं, "बरं वाटत न्हाई का तुला?" आणि शालूबाईंनी घाईघाईनं शिरा ढवळायला घेतला. टॉवेलावरून बोलायचं म्हणून ती उभी राहिली आणि तोंडातून निघालं, "आवं, च्या घेता का?" हे मला सांगताना ती स्वतःच हसत होती, पण डोळे भरलेले होते. सुट्टीचा शेवटचा आठवडा उरला होता.

मग तो सोमवार आला. सकाळी शाळेच्या वेळेला अपूर्वा स्कुटी घेऊन आमच्या गिरणीसमोर उभी. राजीचं दप्तर तिच्या खांद्याला, आणि राजी काही येईना. एवढ्यात वीरधवल राजीचा हात धरून घरातून आला. राजीच्या अंगावर शाळेचा गणवेश नव्हता, नवा फ्रॉक होता.

"आज शाळा नगं म्हनती," तो कौतुकानं म्हणाला. "साताऱ्याला जाऊन येतो आमी दोघं. पेढं खातो. मी हो म्हनलोय."

"आज पाढ्यांची परीक्षा हाय तिची," अपूर्वा म्हणाली. आवाज अजून मऊच होता.

"आसू दे की एक दिस. मी काय रोज हाय का हितं?"

राजीनं बापाच्या पाठीमागून आईकडं बघितलं आणि हळूच जीभ काढून दाखवली.

झालं. अपूर्वानं स्कुटी स्टँडवर लावली, आणि आमची अपूर्वा आम्हाला परत मिळाली.

"तुमी हो म्हनायचं आनि मी न्हाई म्हनायचं, व्हय? चार दिस लाड करून तुमी जाता, मागं वरीसभर मी कैदाशीण! अभ्यास कर म्हनलं की मी वाईट. दात घास म्हनलं की मी वाईट. शाळंतनं बोलवलं की मी जायचं, ताप आला की मी बसायचं, आनि वर तिला रागवायचं बी मीच! मला एकटीला रागवायचा कंटाळा आलाय वो! रागवायला तरी घरात दुसरं मानूस पायजे!"

दळणाला आलेल्या बायका डबे धरून तशाच उभ्या राहिल्या. हाफिज खुर्चीतून उठला, आणि तो सहसा उठत नाही. वीरधवल बायकोकडं असा बघत होता, की जणू तिला पहिल्यांदाच बघतोय. एका अर्थी ते खरंच होतं. तिचे केस कपाळावर आले होते, आणि ती नजर खाली घेत नव्हती.

त्यानं तिच्या खांद्यावरून दप्तर काढून घेतलं. "चल, राजी."

"साताऱ्याला?"

"शाळंत. कपडं बदलून ये."

"पन तुमी हो म्हनला हुता!"

"चुकलो. चल."

राजीनं जे भोकाड पसरलं, ते घरात जाऊन गणवेश घालून परत येईपर्यंत आणि पुढं रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. बापाचा हात सोडवून घ्यायला ती बघत होती. तो सोडत नव्हता.

अपूर्वा गिरणीत येऊन पोत्यावर बसली. "काय केलं मी हे, चाची? भर गल्लीत. आता कशाला येतील ते? वाढवूनच घेतील." मी चहा दिला. तो हातात धरून ती बोलत राहिली, माझ्याशी कमी आणि स्वतःशीच जास्त. "मला मोठं काय नगं हाय. गॅस संपला, मांजर दूध पिऊन गेलं, सासूबाईंनी कुकरची शिट्टी हरवली, असलं काय तरी जेवताना सांगायला ते पायजेत. फोनवर असलं सांगता येत न्हाई. फोनवर नुसतं म्हनायचं, सगळं ठीक हाय."

चहा निवून गेला. बायका आपापले डबे दळायला ठेवून गेल्या. बऱ्याच वेळानं वीरधवल वळणावरून येताना दिसला, एकटाच. गिरणीच्या दारात येऊन तो थांबला. अपूर्वा उठून उभी राहिली.

"सोडली?" शेवटी मीच विचारलं.

"सोडली. लय रडली." तो अपूर्वाकडं बघूनच बोलत होता. "फाटकातनं आत जाताना मला म्हनली, तुमी परत कवा जानार हाय?"

अपूर्वाचा चेहराच उतरला. "आवं, ल्हान हाय ती. तिला काय कळतंय..."

"मी तिला खरं ते सांगितलं. ह्या आठवड्यात जानार. पेन्शनीचं कागद करून येनार. मग कुटंच जानार न्हाई. रोज शाळंत मीच सोडनार."

"मग?"

"मग तर जास्तीच रडली," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघायला लागला.

अपूर्वानं ओढणीत तोंड खुपसलं. हाफिजनं कधी नव्हे ते शहाणपण केलं आणि बटण दाबून गिरणी बंद केली. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. वीरधवल तिच्यासमोर हात बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होता. मग तिनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "तिचा बाराचा पाढा कच्चा हाय. संध्याकाळी बसवून तुमी घ्यायचा."

"घेतो."

"रडली तर माझ्याकडं पाठवायचं न्हाई."

"न्हाई पाठवत. रोज घ्यायचा?"

"रोज," अपूर्वा म्हणाली. तिनं स्कुटी स्टँडवरून काढली आणि त्याला मागं बसायला सांगितलं.